मुका मार

आमच्या मंडळात माझी एक गोष्ट अजून सांगतात. गणपतीची मीटिंग असो, कुणाची हळद असो, चार जुने खेळाडू जमले की ती निघतेच. २०१२ साल, परळमधलीच एक नाईट टुर्नामेंट, किशोर गटाची फायनल. मी चढाईला गेलो, समोरच्या दोघांनी डॅश मारला, मी उलटा पडलो आणि डोकं मागच्या मागे जमिनीवर आपटलं. "आवाज असा आला ना, नारळ फोडल्यासारखा," हे वाक्य दरवेळी येतं. मग मी उठलो. कुणीतरी डोक्यावर पाण्याची बाटली ओतली. आणि पुढच्या तीन चढायांत चार गुण घेऊन मी मॅच काढली.

गोष्ट संपली की सगळे माझ्याकडे बघतात. मी हसतो. तेरा वर्षं मी हेच करत आलो होतो.

खरं सांगायचं तर मला ती मॅच आठवत नाही. टॉस आठवतो, हॅलोजनभोवतीचे किडे आठवतात. त्यानंतर एकदम आमच्या खोलीतला पंखा. मधलं सगळं कोरं. ते चार गुण मी फक्त लोकांच्या तोंडून ऐकलेत. ट्रॉफी हातात धरलेला माझा एक फोटो आहे, तो कधी काढला ते मला माहीत नाही.

त्यानंतर आठवडाभर डोकं दुखत होतं. शाळेत फळ्याकडे बघितलं की डोळ्यांत कळ जायची. आईनं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली, बाबांनी टीव्ही बंद केला. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही, कारण रक्त आलं नव्हतं, टेंगूळसुद्धा फारसं नव्हतं. "मुका मार आहे, जाईल," असं सगळे म्हणाले. आणि गेलाही. उरली ती गोष्ट, आणि मला ती आवडायची. कबड्डी सुटली, इंजिनिअरिंग झालं, लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी लागली. अठ्ठावीस वर्षांच्या, पाठीला ब्लूटूथ बेल्ट लावून बसणाऱ्या माणसाकडे शूरपणाची एवढी एकच गोष्ट शिल्लक होती.

आता मी शनिवार-रविवार मंडळाच्या किशोर संघाबरोबर जातो. खेळायला नाही, लिहायला. अधिकृत गुणपत्रक पंचांच्या टेबलावर असतं. मी बाकाच्या टोकाला बसून माझी वेगळी वही ठेवतो: कोण चढाईला गेला, किती गुण, कुठल्या कोपऱ्यात पकडला गेला. आमचे कोच, ज्यांना सगळे दादा म्हणतात, सुरुवातीला हसायचे. आता हाफटाइमला पहिली माझी वही मागतात.

त्या संघात ताईचा मुलगा आहे. नववीत, उजव्या बाजूचा चढाईपटू, पायाला स्प्रिंग लावल्यासारखा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. मला तो मामा म्हणतो आणि वर अरेतुरे करतो.

मागच्या वर्षीची, फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. त्याआधी काही दिवस, ३१ जानेवारीला, पुण्यात गहुंजेला भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी झाली होती. आपल्या मुंबईच्या शिवम दुबेनं ५३ धावा केल्या, शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू त्याच्या हेल्मेटवर बसला. तपासणी झाली, तो उभा राहिला, पुढचा चेंडू खेळला. पण दुसऱ्या डावात तो मैदानावर आलाच नाही. त्याच्या जागी कन्कशन सबस्टिट्यूट म्हणून हर्षित राणा आला आणि त्यानं तीन विकेट काढल्या. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रभर दंगा. बॅटिंग ऑलराउंडरच्या बदली अख्खा फास्ट बॉलर कसा, लाइक फॉर लाइक म्हणजे काय, बटलर चिडलाय ते बरोबरच आहे, वगैरे. मीही एक मीम टाकलं. दुबेच्या डोक्याचं काय झालं, असं आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मॉर्नी मॉर्केलनं नंतर सांगितलं होतं की दोन डावांच्या मध्ये दुबेचं डोकं दुखायला लागलं. चेंडू बसला तेव्हा नाही, नंतर. ही ओळ मी तेव्हा वाचली होती आणि तशीच खाली सरकवली होती.

पुढच्याच पंधरवड्यातली शनिवारची रात्र. क्वार्टर फायनल. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही दोन गुणांनी मागे होतो. भाचा चढाईला गेला, बोनस घेतला, परत वळताना डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला आणि त्याच क्षणी मधला पोरगा वरून आला. त्याचा गुडघा भाच्याच्या कानशिलावर बसला. तसा आवाज काही आला नाही. भाचा दोनेक सेकंद तसाच पडून राहिला, मग उठला आणि चालायला लागला, पण चुकीच्या दिशेनं, समोरच्या संघाच्या अंगणात.

लोक हसले. मीही हसलो.

दादांनी टाइम-आउट घेतला. संघाचा टाइम-आउट तीस सेकंदांचा असतो. त्या तीस सेकंदांत डोक्यावर पाणी ओतलं गेलं, कुणीतरी मानेला चोळलं, दादांनी विचारलं, "काय रे, ठीक ना?" तो म्हणाला, "हो." प्रश्न संपला. पकडला गेला होता म्हणून तो बाहेर बसला, आमच्या लेफ्ट कॉर्नरनं एक पकड केली तसा जिवंत होऊन आत गेला आणि पुढची चढाई त्यालाच मिळाली. तो मध्यरेषा ओलांडून गेला तेव्हा त्याच्या तोंडातून कबड्डीचा शब्द नव्हता. पंचांनी शिट्टी मारून परत पाठवलं, समोरच्यांना गुण. सहा वर्षांचा असल्यापासून खेळणारा पोरगा दम धरायला विसरला. मी वहीत लिहिलं: "दम नाही. –१." बाजूला चिडका चेहरा काढला.

माझी नोकरी काय आहे तर सर्व्हरवर लक्ष ठेवणं. एखादी सिस्टिम बिघडायच्या आधी लॉगमध्ये खुणा दिसायला लागतात, त्या वाचायचे मला पैसे मिळतात. आणि जी सिस्टिम बिघडली असा संशय आहे, तिलाच "तू ठीक आहेस ना?" विचारून ती "हो" म्हणाली म्हणून घरी जायचं नाही, हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकतो. त्या रात्री वही माझ्या मांडीवर होती. धडक, चुकीच्या दिशेला चालणं, विसरलेला दम, तिन्ही माझ्याच अक्षरात एकाखाली एक. मी दादांना काही बोललो नाही. दोन गुणांचा तर फरक होता.

मॅच हरलो. परतताना वडापाव घेतला. भाच्यानं विचारलं, "मामा, जिंकलो ना आपण?" मी म्हटलं, "नाय रे, चारनं हरलो." भोईवाड्यापर्यंत येईतो त्यानं तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा माझ्या पोटात गोळा आला.

रात्री एकच्या सुमारास त्याला उलटी झाली. मग आणखी एक. ताईचा फोन आला तेव्हा ती त्याच्या गालावर चापट्या मारत होती, कारण डोक्याला लागलेल्याला झोपू द्यायचं नसतं असं शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. परळमध्ये राहण्याचा एक फायदा असा की मोठं हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर असतं. कॅज्युअल्टीत एक रेसिडेंट डॉक्टर होती, माझ्याहून लहान असेल. तिनं डोळ्यांत टॉर्च मारला, हात दाबायला लावले, मानेला हळूच हात लावून बघितलं, सीटी स्कॅन करवून घेतला. स्कॅन नॉर्मल. ताई तिथेच बाकावर बसून रडली. भावोजी म्हणाले, "चला, काही नाही झालं."

डॉक्टर म्हणाली, "काही नाही असं नाही. मेंदूत रक्तस्राव नाही आणि हाड मोडलेलं नाही, एवढंच ह्या फोटोत दिसतं. ह्याला कन्कशन झालंय, ते फोटोत दिसत नाही." झोपू द्या, म्हणाली, फक्त एकटं सोडू नका. मग तिनं त्याला विचारलं, याआधी कधी डोक्याला लागलंय का?

भाचा म्हणाला, "मला नाही. मामाला लागलं होतं. तरी तो खेळला होता. फायनल काढली होती."

मी कॅज्युअल्टीच्या फरशीकडे बघत उभा राहिलो.

*

आपल्याकडे 'मुका मार' हा फार नेमका शब्द आहे. जखम नाही, रक्त नाही, आतलं दुखणं बाहेर बोलत नाही, म्हणून मुका. पण हा शब्द आपण पाठीला, पोटरीला वापरतो. डोक्याच्या बाबतीत आपल्याला मार म्हणजे फुटलेलं डोकंच लागतं, टाके लागतात. परळच्या पोरांच्या गोष्टींत टाक्यांची संख्या असते.

कन्कशन म्हणजे मेंदूचा मुका मार. कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात असतो. डोक्याला किंवा अगदी छातीलाही जोरात धक्का बसून मान झटकली गेली, की मेंदू आतल्या आत हिसकला जातो. त्या हिसक्यानं पेशींचं रसायन बिघडतं. क्षारांची ये-जा विस्कळीत होते, ते जागेवर आणायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच पुरवठा कमी पडतो. काही फाटलेलं, तुटलेलं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून स्कॅन स्वच्छ येतो. बेशुद्ध पडणं म्हणजे कन्कशन, असं मी समजत होतो. खेळातल्या बहुतेक कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध पडतच नाही. तो उभा असतो, डोळे उघडे असतात, "हो" म्हणतो. कधीकधी चार गुणसुद्धा घेतो.

म्हणजे स्कॅन बिनकामाचा असं नाही. तो दुसऱ्या शत्रूसाठी असतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लबची मॅच खेळताना रमण लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा राहिला आणि चेंडू त्याच्या कानशिलावर बसला. तो चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला. तीन दिवसांनी तो गेला, अडतीस वर्षांचा होता. आतला रक्तस्राव सुरुवातीला असा फसवतो. त्यामुळे काही खुणा दिसल्या की वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल: पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी, एकाचे दोन दिसणं, गोंधळ वाढत जाणं, हलवूनही नीट जाग न येणं. आणि मान दुखत असेल तर त्याला जागचं हलवायचं नाही. आम्ही काय करतो? दोघं जण काखेत हात घालून आधी उभा करतो. टाळ्या वाजतात.

दुसरी भीती मला त्या रात्रीनंतर कळली आणि तिनं माझी झोप गेली. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर तो दुसरा हलका असला तरी मेंदूला वेगानं सूज येऊ शकते. हे फार क्वचित होतं, पण ज्यांच्या बाबतीत नोंदलं गेलंय ते बहुतेक कोवळ्या वयाचे खेळाडू आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लिस्टेड नावाचा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉल मॅचमध्ये डोक्यावर पडला. थोडा वेळ बाहेर बसला, पुन्हा आत गेला, मॅच संपता संपता कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या, बोलायला-हलायला लागायलाच त्याला महिने लागले. २००९ साली त्याच्या नावानं त्या राज्यात कायदा झाला: कन्कशनचा संशय आला की मुलाला त्याच क्षणी बाहेर काढायचं आणि वैद्यकीय माणसानं लेखी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. पुढच्या पाच वर्षांत तिथल्या पन्नासही राज्यांनी असे कायदे केले.

"थोडा वेळ बाहेर बसला, पुन्हा आत गेला." मी हे वाक्य वाचलं आणि लॅपटॉप मिटला. आमच्या वहीतलंही वाक्य हेच होतं. फरक एवढाच की आमच्या पोराला दुसरा मार बसला नाही. त्यात आमची काही हुशारी नव्हती.

*

पुढचे चार आठवडे लिहिण्यासारखे नाहीत, कारण त्यांत काही घडलं नाही. तेच कठीण होतं. पहिले दोन दिवस आराम. पण अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवणं नाही, ती जुनी पद्धत झाली. २०२२ साली अॅमस्टरडॅमला जगभरच्या खेळवैद्यकातल्या लोकांची परिषद झाली, तिच्या निष्कर्षांत म्हटलंय की एक-दोन दिवस सबुरीचा आराम, पडद्याचा वापर कमी, आणि मग हळूहळू चालणं-फिरणं सुरू करायचं. आमच्या खोलीत टीव्ही, मोबाईल आणि पाच माणसं. तिथे 'पडदा कमी' म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता.

तिसऱ्या दिवशी तो हसत-बोलत होता. पाचव्या दिवशी शाळेत गेला आणि तिसऱ्या तासाला परत आला. गणिताची एकच ओळ तो पुन्हा पुन्हा वाचत होता म्हणे. ट्यूबलाइट टोचते, वर्गाचा आवाज डोक्यात घुमतो. रात्री झोप नाही, सकाळी चिडचिड, बहिणीवर हात उगारला. ताईला वाटलं अभ्यास टाळतोय. भावोजींना वाटलं मोबाईल. शाळेत रिपोर्ट दाखवला तर त्यावर 'नॉर्मल' लिहिलेलं, मग पीटीला का नाही पळणार? मी ऑफिसमधून दुपारी सुटून शाळेत गेलो. काय समजावून सांगितलं मला आठवत नाही, पण वर्गशिक्षिका ऐकणारी निघाली. तिनं त्याला खिडकीपासून लांब बसवलं आणि दोन आठवडे अर्धा दिवस येऊ दिलं. आधी शाळा, मग खेळ, हा क्रम डॉक्टरांनीही सांगितला होता. ज्याला अख्खा दिवस वर्गात बसवत नाही त्याला अंगणात कसं सोडणार?

मोठी माणसं साधारण दोन आठवड्यांत बरी होतात, मुलांना चार आठवडेही लागतात. 'लहान आहे, पटकन भरून येईल' हे हाडाला लागू असेल, इथे नाही. मग पायऱ्या: आधी नुसतं चालणं, मग थोडं जॉगिंग, मग एकट्यानं पदलालित्य, मग संघाबरोबर पण कुणी हात लावायचा नाही, मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पकडीचा सराव, आणि शेवटी मॅच. प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस, त्रास वाढला की मागच्या पायरीवर. आम्ही दोघं रोज संध्याकाळी परळ व्हिलेजच्या गल्ल्यांतून चालायचो. एकदा तो म्हणाला, "मामा, तुझं किती दिवसांनी बरं झालं होतं?"

मी म्हटलं, "मला ती मॅच आठवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते चार गुण मला आठवत नाहीत. लोकं सांगतात."

तो बराच वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "मला पण ती 'दम नाही'वाली चढाई आठवत नाय. तू वहीत दाखवली तेव्हा कळलं." आणि जरा थांबून, "मी तुला बघत होतो बाकावर. तू हसत होतास म्हणून वाटलं काय नाय झालं."

*

मार्चमध्ये मंडळाच्या खोलीत विषय काढला. ही खोली म्हणजे दहा बाय बाराची, भिंतीवर ट्रॉफ्या, कोपऱ्यात ढोल, वर माळ्यावर दहीहंडीची हेल्मेटं. पहिला उपाय त्या माळ्याकडे बघूनच आला: "हेल्मेट घालायला लावू." सगळे हसले. कबड्डीत हेल्मेट म्हणजे पकडणाऱ्याच्या तोंडावरच दगड.

पण हेल्मेटबद्दल मला बोलायचं होतंच. हेल्मेट कवटी वाचवतं, आणि ते फार मोठं काम आहे. वरच्या थराच्या पोराच्या डोक्यावर ते हवंच. पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. दुबेच्या डोक्यावर हेल्मेटच होतं. हंडीबद्दल आपण किती वर्षं भांडलो आठवून बघा. २०१४ साली उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्या पोरांना मनाई केली, उंची वीस फुटांवर आणली. मग सर्वोच्च न्यायालय. मग २०१७ साली उंचीची अट गेली आणि वय चौदावर आलं. २०२२ साली सरकारनं तिला साहसी खेळ म्हटलं, विमा आला. सगळं भांडण किती वर आणि किती लहान, ह्यावर. वरून पडून उठलेला, टाके न पडलेला पोरगा त्याच दिवशी पुढच्या हंडीला ट्रकमध्ये चढतो, त्याच्याबद्दल कुणी वाद घातला नाही. आम्हीही नाही. दरवर्षी असा एकतरी असतो आमच्यात.

एक जुने खेळाडू म्हणाले, "आम्ही काय काचेचे होतो? मातीवर खेळलो." दुसऱ्यानं विचारलं, "मग समोरचे मुद्दाम आपल्या मेन रेडरच्या डोक्यावर मारतील, दर वेळी बाहेर काढणार?" हा प्रश्न खोटा नव्हता. क्रिकेटमध्ये बदली खेळाडूवरून वाद झाला तो ह्याच संशयातून. पण कबड्डीत बदलायला पाच खेळाडू बाकावर असतातच, त्यासाठी कुठला नवा नियम लागत नाही. आणि बाहेर बसणं ही आपल्या खेळात लाजेची गोष्टच नाही. दर दोन मिनिटाला कुणीतरी बाद होतो, बाहेर बसतो, जिवंत होऊन आत जातो. असा दुसरा खेळ मला माहीत नाही. फक्त हा एक बाद असा की गुण घेऊन जिवंत करता येत नाही, दिवस मोजावे लागतात.

दादा तोवर गप्प होते. ते म्हणाले, "तीस सेकंदात मी काय तपासू? मी डॉक्टर आहे?"

ह्याचं उत्तर मी घेऊन गेलो होतो. ऑस्ट्रेलियात मॅडॉक्स नावाच्या संशोधकानं तिथल्या फुटबॉलपटूंवर काम करून १९९५ साली दाखवलं की नाव काय, वार कोणता हे विचारून उपयोग नाही, गोंधळलेला खेळाडूही ते बरोबर सांगतो. विचारायचं ते आत्ताचं. ते प्रश्न आम्ही आमच्या भाषेत केले आणि वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले: आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? मागची मॅच कुणाशी खेळलो? जिंकलो की हरलो? एक जरी चुकला तर बाहेर, पूर्ण दिवस, मग डॉक्टर. सगळे बरोबर आले तरी तो सुटला असं नाही. अडखळला, चुकीच्या दिशेला गेला, डोकं धरून बसला, नेहमीसारखा वाटत नाही, तरीही बाहेर. आणि हे तेराच्या पुढच्या पोरांसाठी. त्याहून लहान असेल तर प्रश्नच नकोत, शंका आली की उचलायचाच.

दादांनी वाचलं. म्हणाले, "मी नाही विचारणार." मला वाटलं संपलं. मग म्हणाले, "मला मॅच जिंकायची असते. मी विचारलं तर मला उत्तर बरोबरच ऐकू येणार. तू विचार. तू बाहेर म्हणालास की बाहेर, मी मध्ये बोलणार नाही."

एवढ्या वर्षांत दादांचं इतकं प्रामाणिक वाक्य मी ऐकलं नव्हतं. बाकी मंडळी अजून कुरकुरत होती, चहा आला, विषय गणपतीच्या वर्गणीवर गेला.

भाचा पाचव्या आठवड्यात पकडीच्या सरावाला उतरला. पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कमरेला मिठी मारली तेव्हा ताई गॅलरीतून आत निघून गेली. नव्या सीझनला तो पुन्हा चढाईला जातो. पूर्वीपेक्षा जरा कमी उडी मारतो असं माझी वही म्हणते, तो नाही म्हणतो.

यंदा जानेवारीत एका सेमीफायनलला आमच्या उजव्या कोपऱ्याच्या पोराचं डोकं आमच्याच खेळाडूच्या खांद्यावर आपटलं. पाच मिनिटं बाकी, आम्ही एका गुणानं पुढे. मी उठायच्या आत भाचा बाकावरून ओरडला, "मामा, विचार त्याला." मी गेलो. ग्राउंड बरोबर, हाफ बरोबर. शेवटचा गुण कुणी घेतला? त्यानं माझ्याकडे बघितलं, मग फलकाकडे, मग परत माझ्याकडे. म्हणाला, "मीच." तो गुण समोरच्यांचा होता.

मी दादांकडे बघून हात वर केला. त्यांनी बदली खेळाडू पाठवला आणि एक शब्द बोलले नाहीत. आम्ही दोन गुणांनी हरलो. पोराला घरच्यांबरोबर रात्रीच हॉस्पिटलला पाठवलं, तो अठरा दिवसांत बरा झाला.

तो माझ्याशी अजून बोलत नाही. मी बाहेर काढलं नसतं तर फायनल मिळाली असती, असं त्याचं म्हणणं आहे. परवा भोईवाड्याच्या सिग्नलला दिसला, मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेला.